उतारावरचा निळा धूर

नोकरीत किती पंचनामे लिहिले याची मोजदाद मी ठेवली नाही. बहुतेक विसरूनही गेलो. मोहफुलाच्या दिवसांतला तो एक मात्र डोक्यातून जात नाही. त्यात ना दरोडा होता, ना गोळीबार. जंगलातल्या रस्त्यावर एका सायकलस्वाराला मोटारीनं उडवलं, एवढीच गोष्ट. वर्तमानपत्रानं ती कोपऱ्यात छापली असेल.

त्या वेळी कुरखेड्याच्या बाजूला एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. पत्नी वारली होती, मुलगा परदेशात होता, आणि क्वार्टरमध्ये मी एकटा. दिवस ठाण्यात निघून जायचा, पण संध्याकाळी घर खायला उठायचं. दारू मला सोसत नव्हती, पत्ते जमत नव्हते. म्हणून एक जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेतली आणि सुट्टीच्या दिवशी तिचं बॉनेट उघडून बसू लागलो. शिपाई पाठीमागे म्हणायचे, 'साहेबानं दुसरं लग्न केलं, गाडीसंग.' मला ते कळायचं, आणि खरं सांगायचं तर त्यात फारसं खोटं नव्हतं. गाडी निदान काहीतरी मागत तरी होती.

त्या दिवशी सकाळची हजेरी चालू असतानाच फोन आला. बोलणारा जवळच्या गावचा पोलीस पाटील होता.

"साहेब, कोरचीच्या रोडवर उतारापाशी सायकलवाल्याले गाडीनं ठोकलं. मानूस गेला. गाडी पयाली."

हवालदाराला घेऊन मी निघालो. उतार संपतो तिथे सायकल मोडून पडली होती आणि डांबरावर मोहफुलं पसरली होती. मोहाच्या हंगामात इकडे अख्खं घर पहाटेपासून आपापल्या झाडाखाली असतं. हा माणूस वेचलेल्या फुलांची पहिली टोपली सायकलला बांधून घराकडे निघाला होता. बायको झाडाखाली मागे राहिली होती. तिनं आवाज ऐकला आणि धावत आली. रस्ता सामसूम. नवरा अजून श्वास घेत होता, पण त्याला उचलून न्यायला दुसरं कोणी नव्हतं. पहिलं वाहन येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती बसून राहिली. ते वाहन आलं तेव्हा उशीर झाला होता.

मी जवळ जाऊन उकिडवा बसलो. असा जबाब घेताना उभं राहून विचारू नये, हे मी फार आधी शिकलो होतो.

"बाई, गाडी पाहिली का?"

"पांढरी होती. मोठी. उतारानं खाली येऊन राह्यली होती न मांगून निळा निळा धूर निघून राह्यला होता. मंग धाडकन आवाज आला."

"नंबर?"

"मले वाचता येत नाई, साहेब."

हवालदारानं मला बाजूला घेतलं. "साहेब, तो धूर पाल्याचा असन. हे लोक मोहाखालचा पाला पेटवतेत, फुलं दिसावं म्हनून. धूर त सगळ्या जंगलात असते आज."

हे खरं होतं. पण बाईंनी ते ऐकलं आणि मान हलवली. "आमी आवंदा आग लावलीच नाई. जंगलवाल्यायनं मनाई केली. झाडू मारून जागा साफ केली, पाहून घ्या."

झाडाखाली जाऊन पाहिलं. जमीन स्वच्छ झाडलेली, राखेचा कण नाही. मी पंचनाम्यात निळा धूर लिहून घेतला. हवालदारानं माझ्याकडे पाहिलं आणि टेप उचलून रस्ता मोजायला घेतला.

तपास सुरू करतोय तोच, संध्याकाळी गाडी स्वतःच ठाण्याच्या आवारात आली. पांढरी, मोठी, पेट्रोलवरची टर्बो. पुढचा दिवा फुटलेला, बॉनेटला पोचा. एक म्हातारा ड्रायव्हर खाली उतरला, चप्पल पायरीखाली काढली आणि ठाणे अंमलदारासमोर हात जोडून उभा राहिला.

"माह्या हातून झालं, साहेब. मी भ्यालो न पयालो. लिहून घ्या."

एखादा माणूस आपल्या पायानं चालत येऊन गुन्हा कबूल करतो तेव्हा ठाण्यात सगळ्यांनाच हायसं वाटतं. धावपळ वाचते, वरिष्ठांना कळवायला बरं असतं. आमच्याकडेही तसंच झालं. गाडी एका भातगिरणीच्या मालकाची होती. हा म्हातारा त्याच्याकडे कित्येक वर्षं नोकरीला. बायको केव्हाच वारलेली, मूलबाळ नाही, मालकाच्या घरामागच्या खोलीतच राहणं. अटकेच्या कागदावर पत्ता, नातेवाईक, सगळं त्यानं मालकाच्या घरचंच सांगितलं.

निष्काळजीपणानं मृत्यूस कारणीभूत ठरण्याचा गुन्हा तेव्हा जामीनपात्र होता. कोणीतरी जामीनदार येऊन सही करायची आणि माणसानं घरी जायचं, मग खटला चालेल तेव्हा चालेल. शिक्षा झाली तर मात्र या वयात तुरुंग, आणि परवाना गेला म्हणजे भाकरी गेली. मी त्याला म्हटलं, "मालकाला फोन कर. जामिनाला बोलाव."

"येतीन साहेब. त्यायले ठाऊक हाये."

कोणी आलं नाही. रस्त्यावर गाडीचा आवाज झाला की म्हातारा बाकावरून अर्धा उठायचा, फाटकाकडे बघायचा आणि पुन्हा बसायचा. आवाज दूर जायचा. असं उठणं-बसणं मी माझ्या क्वार्टरमध्ये करून चुकलो होतो. आणि त्याच वेळी मनात शंका आली. वर्षानुवर्षांचा नोकर स्वतःहून हजर झालाय, गाडी तुमची, गाव तुमचं, मग साधा जामीन द्यायला कोणी का येत नाही? ठाण्यापासून चार हात लांब राहण्यात कोणाचं तरी हित होतं.

मी त्याच्यासाठी चहा मागवला आणि त्याच्याशेजारी बाकावर बसलो. अपघाताचं काहीच विचारलं नाही. गाडीचं विचारलं.

"गाडी धूर मारते का रे?"

तो एकदम ताठ झाला. "नाई साहेब. बिलकुल नाई. मालक म्हनतेत मारते, त्यायची पोरगी, छोट्या बाई, म्हनतेत मारते. नागपूरच्या गॅरेजवाल्यानं टर्बो बदलवाले लावला. तरी म्हनतेत धूर येते. मी इतके वर्ष चालवून राह्यलो, माह्या हातात एक दिवस नाई मारला. आरशात पाहतो न मी!"

हे तो ज्या तडफेनं बोलला, त्यात खोटं असणं शक्य नव्हतं. बाईंनी मात्र धूर डोळ्यांनी पाहिला होता, आणि त्यांनाही खोटं बोलायचं कारण नव्हतं. दोघंही खरं सांगत असतील तर गाडीतच काहीतरी गोम होती. हवालदार वैतागला. "साहेब, आरोपी आपल्या पायानं आला, आपन काऊन धुराच्या मांगं लागून राह्यलो?" मी म्हटलं, "आगीशिवाय धूर निघत नाही, असं म्हणतात ना. मग आग कुठे आहे ते बघू."

अपघातातल्या वाहनाची तपासणी मोटार वाहन निरीक्षकाकडून करून घ्यावी लागते. ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले. ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक, असं लिहून ते निघणार होते. मी त्यांना धुराचं सांगितलं. माझीच गाडी एकदा टर्बो बिघडून धूर मारत होती, म्हणून मला त्यात रस होता, आणि निरीक्षकांनाही मग रस वाटू लागला. आम्ही दोघं बाह्या सरसावून बसलो.

गाडी थंड असतानाच सुरू केली. धूर नाही. जागेवर उभी ठेवून रेस केली, तरी नाही. टर्बोकडून, म्हणजे इंजिनात जोरानं हवा कोंबणाऱ्या पंख्याकडून, येणारा रबरी पाइप सोडवून आत बोट फिरवलं. तेलाचा नुसता ओशटपणा, साठलेलं तेल नाही. टर्बोची दांडी हलवून पाहिली, ती घट्ट. नवीनच होता तो, आणि त्याचा जुना भाऊही बहुधा निर्दोषच गेला असावा. धुराचा रंग निळा म्हणजे इंजिनातलं वंगणाचं तेल जळतंय, हे नक्की. काळा असता तर इंधन जास्त, पांढरा असता तर पाणी. पण तेल येतंय कुठून, आणि नेमकं केव्हा?

"रस्त्यावर घेऊ," निरीक्षक म्हणाले.

त्याच उतारावर गेलो. सोबत पंच, हवालदार आणि म्हातारा. निरीक्षक स्वतः चालवायला बसले, मी त्यांच्याशेजारी. चढावर ॲक्सिलरेटर दाबला, मागे स्वच्छ. मग वळून उताराला लागलो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, वेग बऱ्यापैकी, आणि त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला. मी आरशात पाहिलं. मागे निळ्या धुराचा लोट.

खाली थांबल्यावर त्यांनी मला समजावलं. पाय काढला की इंजिनात हवा जायची वाट बंद होते. पण गाडी गिअरमध्ये असल्यामुळे चाकं इंजिनाला फिरवतच राहतात. तोंड मिटून श्वास ओढावा तसं इंजिन मग मिळेल तिथून ओढू लागतं. व्हॉल्वच्या दांड्यांवरची रबरी सीलं कडक होऊन झिजली असली तर तिथून तेल ओढलं जातं आणि जळतं. दाबताना काही नाही, उभ्या गाडीत काही नाही, फक्त वेगात पाय काढला की धूर. टर्बो बिचारा फुकट बदनाम झाला होता.

"मग याच्या हातात का येत नाही?" मी म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं.

"त्यालाच चालवून दाखवू द्या," निरीक्षक म्हणाले. मी म्हाताऱ्याला हाक मारली. "बस. काल सकाळी जसा आलास तसाच उतारावरून ये. मी शेजारी बसतो."

तो बसला. उताराच्या तोंडाशी येताच त्याचा डावा हात आपोआप खाली गेला आणि त्यानं गिअर काढून टाकला. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन नुसतं गुरगुरतंय, आणि आम्ही ब्रेकवर हलकेच घरंगळत खाली आलो. आरशात धुराची रेघसुद्धा नव्हती.

"न्यूट्रल काऊन केली?" मीही त्याच्याच बोलीत विचारलं.

"सवय हाये साहेब. पयले काळी-पिवळी टॅक्सी चालवत होतो वडशाच्या लायनीवर. उतार आला का न्यूटल मारायची. डिझेल वाचते."

आमच्या भागातल्या जुन्या ड्रायव्हरांची ही खोड मला माहीत होती. धोक्याची आहे, कोणत्याही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती शिकवत नाहीत, पण कित्येक वर्षं हातात मुरलेली. मी त्याला पुन्हा वर जायला सांगितलं. पुन्हा तसंच झालं. उतार लागला की त्याचा हात त्याला न विचारता खाली जायचा.

शेवटी मी म्हटलं, "आता गिअरमध्येच ठेव, आणि मी सांगेन तेव्हा पाय काढ."

त्यानं पाय काढला. मागे निळा लोट उठला. म्हातारा आरशात बघतच राहिला.

"अरे बापा," तो पुटपुटला, "हे त माह्या हातानं कधीच नाई झालं."

वाक्य तोंडातून गेलं आणि त्याला कळलं की आपण काय बोललो. त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला. माणसं मोठं खोटं पाठ करून येतात, पण ज्याचा त्यांना अभिमान असतो तिथे खरं बोलून जातात. मी बाकीच्यांना खुणेनं लांब थांबवलं.

"गाडी कोण चालवत होतं?"

त्यानं स्टिअरिंगवरची धूळ बोटानं पुसली.

"बघ, तुझ्या जामिनालाही कोणी आलं नाही."

"येतीन," तो म्हणाला. "पोरीले नागपूरले सोडाले गेले असतीन मालक. म्हनून उशीर झाला."

"काल अपघात झाला आणि मालकांना आजच मुलीला नागपूरला सोडायचं होतं?"

तो रडू लागला. आवाज न करता, स्टिअरिंगवर डोकं टेकून. मग हळूहळू सगळं आलं. मुलगी मैत्रिणीला कोरचीला सोडून एकटीच परत येत होती. म्हातारा त्या घरी आला तेव्हा ती नुकती चालायला शिकत होती. तिला शाळेत नेणं, आणणं, सायकल शिकवणं, सगळं यानंच केलेलं. मोटार तेवढी ती पुण्यात शिकली. त्या सकाळी ती थरथरत घरी आली, वडिलांनी तिला आत नेलं, आणि दुपारी याला बोलावून म्हणाले, 'तू घरचाच आहेस.'

"घरचा म्हनले मले," म्हातारा म्हणाला. "मंग मी काय म्हनू साहेब?"

एवढ्यावर गुन्हा सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक होतं. वाटेतल्या पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागवलं. कोरचीहून परतताना, अपघाताच्या जरा आधी, गाडी तिथे थांबली होती, आणि चालकाच्या दारातून मुलगी उतरताना स्वच्छ दिसत होती. गाडीत दुसरं कोणी नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यापासून आम्ही थोडक्यात वाचलो होतो.

गिरणीमालक वकील घेऊन आले आणि कॅमेऱ्यातली वेळ चुकीची आहे, असं सांगू लागले. ते बोलत असतानाच मुलगी आली. मी तिला फोन केला होता. ती नागपूरहून एकटी एसटीनं आली होती. तिला सांगण्यात आलं होतं की सायकलवाला दवाखान्यात आहे आणि काका सुट्टी घेऊन गावी गेलेत. 'काका' म्हणजे हा म्हातारा. बाकावर त्याला पाहिल्यावर ती दारातच थबकली.

"काका, तुमचं गाव कुठलं?" तिनं विचारलं. "तुम्हाला तर गावच नाही."

तिनं वडिलांकडे न बघता जबाब दिला. उतारावर तिनं पाय काढला, वळणावर ऊन डोळ्यात आलं, सायकल दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. थांबायचं होतं, पण पाय ब्रेकवर गेलाच नाही, भीतीनं पुढे निघून गेली. मी अक्षर न् अक्षर लिहून घेतलं.

गुन्हा जामीनपात्रच होता, त्यामुळे तिला सोडायला वेळ लागला नाही. जामीनदार लगेच हजर झाले, वडील स्वतः आणि आणखी एक नातेवाईक. म्हाताऱ्याच्या सुटकेचा अहवाल मी त्याच दिवशी न्यायालयाला पाठवला. खोटी माहिती दिल्याबद्दल मॅजिस्ट्रेट साहेबांनी त्याला कडक समज दिली आणि मोकळं केलं.

तो परत ठाण्याच्या फाटकाशी आला, तेव्हा मालकाची दुसरी गाडी निघत होती. मुलगी आत बसली होती. तिनं काच खाली केली, पण वडिलांनी तेवढ्यात म्हाताऱ्याजवळ थांबून जे सांगायचं ते सांगितलं.

"एवढं एक काम झालं नाही तुझ्यानं."

गाडी गेली. म्हातारा तिथेच उभा. मग तो माझ्याकडे वळला.

"साहेब, काऊन सोडवलं मले? आता जाऊ कुठी?"

मी निरपराध माणूस सोडवला होता. शाबासकी मिळावी असं काम होतं ते. पण त्याला जायला घर राहिलं नव्हतं. मी त्याला क्वार्टरवर घेऊन गेलो. पिठलं-भात केला. आम्ही समोरासमोर बसून जेवलो. त्या घरात माझ्यासमोर बसून कोणी जेवल्याला फार काळ लोटला होता, आणि मला ते बरं वाटलं, हे लपवत नाही. मी त्याला म्हटलं, रहा इथेच काही दिवस. त्यानं मान हलवली.

"तुमचा उपकार नाई मानत मी साहेब. राग नोका मानू."

सकाळी तो वडशाच्या एसटीत बसला. कुठे उतरणार ते सांगितलं नाही.

मोहाखालच्या बाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं की गाडी कोणी चालवली होती. त्या फुलं वाळत घालत होत्या. ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "पोरगी थांबली असती त दोघीनं मिळून उचललं असतं. मले एकटीले नाई उचललं."

शिक्षेपेक्षा मोठी गोष्ट त्या बाई बोलून गेल्या असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं. या प्रकरणानं मला हे शिकवलं की गुन्हेगार शोधणं हे आमचं अर्धं काम. 'कोणी केलं' याचं उत्तर मिळालं की आम्ही फाइल बांधतो, पण ज्याला सोडतो तो फाटकाबाहेर कोणत्या बाजूला वळणार, हे विचारायची पद्धत आमच्यात नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी कोणालाही सोडताना विचारत आलो, 'न्यायला कोण येणार आहे?' पुष्कळ जण खाली बघायचे. मग मी शिपायाला स्टँडपर्यंत सोबत पाठवायचो. याहून जास्त माझ्या हातात नव्हतं.

खटल्यात मुलीनं गुन्हा कबूल केला. शिक्षा भोगून झाल्यावर ती मला भेटायला आली. माझी बदली झाली होती आणि मी सामान बांधत होतो. वडिलांकडे ती आता राहत नव्हती.

"काकांना शोधायचंय," ती म्हणाली. "तुमच्या कागदात त्यांचा पत्ता असेल ना?"

मी ठाण्यात जाऊन अटकेचा कागद काढायला लावला आणि तिच्यापुढे धरला. राहण्याचा पत्ता म्हणून तिथे तिच्याच घराचा पत्ता होता, आणि नातेवाईक या रकान्यात तिचं नाव.